आजारी मूल खेळतंय? खेळू द्या

पावसाळा लागला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: ताप आलेल्या लहान मुलाला अंथरुणातून उठू देऊ नका, खेळलं की ताप मस्तकात जातो, पडून राहावं म्हणून हातात मोबाइल द्या, आणि आजारपणात फार लाड करू नका, नाहीतर मूल सोंग करायला शिकतं. पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात. पण दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी यातला एकही सल्ला बरोबर नाही, आणि मोबाइलचा तर धोक्याचा आहे.

मस्तकात जाण्याचं आधी बघू. साध्या व्हायरल तापात घरातल्या घरात खेळल्याने आजार बळावत नाही. लोकांच्या मनात भीती असते ती आकडीची. तापातली आकडी साधारण ६ महिने ते ५ वर्षं या वयात काही मुलांना येते, पण ती तापामुळे येते, खेळण्यामुळे नाही. एवढंसं मूल दमलं की आपणहून आडवं होतं. त्याला जबरदस्तीने गोधडीत गुरफटून ठेवलं तर अंगातली उष्णता बाहेर पडायलाच अडचण होते. दमा असेल, किंवा डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली असेल, तर अर्थात त्यांचंच ऐकायचं.

आता मोबाइल. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या शिफारशीनुसार २ वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको आणि २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास. आजारपणात एखाद दिवशी ही मर्यादा थोडी ओलांडली गेली, तर त्याचं मला एवढं वाटत नाही. मला खरी काळजी वेगळीच आहे. "ताप उतरल्यावर खेळतं का?" असं बालरोगतज्ज्ञ आवर्जून विचारतात. पॅरासिटामॉलने ताप उतरला की मूल ठोकळे ओढून घेतं, दोन-चार रचतं, पाडतं, हसतं. हे दिसलं की निम्मा घोर मिटतो. ताप उतरूनही ते ठोकळ्यांकडे बघत नसेल, मलूल पडलं असेल, तर उशीर न करता दवाखाना गाठायचा. डेंग्यूत धोक्याचे दिवस बहुतेक वेळा ताप उतरताना सुरू होतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. अशा वेळी मूल स्क्रीनकडे बघत गप्प पडलेलं असलं, तर घरच्यांना वाटतं, चला, शांत झालं. ते शांत आहे की गळून गेलंय, हे मोबाइल कळू देत नाही. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हातपाय गार पडणं, ४ ते ६ तास लघवी न होणं, ही लक्षणंही लवकर ध्यानात येत नाहीत.

शिवाय स्क्रीनमध्ये गुंतलेलं मूल पाणी मागत नाही. खेळात ते सहज पाजता येतं. भातुकलीच्या कपात तांदळाची पेज घ्यायची, एक घोट बाहुलीला, एक घोट तुला. ग्लास बघून तोंड फिरवणारं मूल असे दहा-बारा कप बघता बघता पिऊन टाकतं.

खेळायला नवं काही आणू नका. नवं समजून घ्यायचं त्राण आजारी मुलात नसतं. ओळखीची खेळणी, तीच ती गोष्ट, कणकेचा गोळा पुरे. भेंडीचं देठाकडचं टोक कापून रंगात बुडवलं की कागदावर फूल उमटतं, आणि हे अंथरुणात बसूनही जमतं. चिंचोके, मणी, राजमा मात्र नको. नाकात किंवा श्वासनलिकेत गेले तर नवंच संकट.

राहिला सोंगाचा मुद्दा. तीन वर्षांचं मूल आजारपणात चिकटून बसतं ते घाबरलेलं असतं म्हणून. त्याला जवळ घ्या. औषधाच्या मापाने आधी बाहुलीला औषध पाजू द्या. आपल्यावर होणारी गोष्ट स्वतः करून बघितली की पुढचा डोस घेताना रडारड कमी होते. बरं वाटलं की नेहमीचे नियम चार दिवसांत परत लागू होतात.

आणि हो, नेब्युलायझरचा मास्क तोंडाला लावू देत नसेल, तर ती दहा मिनिटं कार्टून खुशाल लावा. मांडीवर घेऊन, सोबत बघत, आणि वाफ संपली की बंद.