पिरेश यांचा 'तो' व्हिडिओ: खरं किती, चिकटवलेलं किती

"ऐन मैफिलीत ऑर्केस्ट्राने भलतीच रचना सुरू केली. पियानोवादिकेने ती कधी बसवलीच नव्हती. तरी अर्ध्या मिनिटात आठवून तिने एकही चूक न करता पूर्ण वाजवली. ही मनाची ताकद!" पोर्तुगीज पियानोवादिका मारिया जुआंव पिरेश यांचा व्हिडिओ अशा मजकुरासह अजूनही फिरतो. व्हिडिओ खरा आहे. त्यांचा उतरलेला चेहरा खरा, आणि हात चालू ठेवूनच त्यांना धीर देणारे कंडक्टर रिकार्दो शायी हेही खरे. मजकुराचं मात्र तसं नाही. जे कधी बसवलंच नाही ते आठवणार कुठून, हा प्रश्न पुढे ढकलणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

'ऐन मैफिलीत': नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाउ सभागृहातली ती दुपारची खुली तालीम होती. समोर श्रोते होते, त्यामुळे घाम फुटणं साहजिक. पण अडलंच असतं तर थांबता आलं असतं.

'ऑर्केस्ट्राने भलतीच रचना': ऑर्केस्ट्रा बरोबरच वाजवत होता, मोझार्टचा डी मायनर या पट्टीतला २० वा कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना. पिरेश मोझार्टच्याच दुसऱ्या कॉन्चेर्टोच्या तयारीने आल्या होत्या. या कॉन्चेर्टोंचे क्रमांक २७ पर्यंत जातात, शिवाय मोझार्टच्या रचनांच्या यादीतला प्रत्येकाचा वेगळा केखेल क्रमांक: डी मायनरचा ४६६, ए मेजरचा ४८८. नुसत्या आकड्यांवर ठरवाठरवी केली की घोटाळ्याला फार काही लागत नाही. म्हणून कार्यक्रमाची तारीख घेतानाच क्रमांकाबरोबर पट्टीही लिहून घ्यावी.

'अर्ध्या मिनिटात': पियानो वाजू लागतो तो ७७ व्या बारला (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट). नेहमीच्या लयीत ऑर्केस्ट्राची ही प्रस्तावना सव्वादोन ते अडीच मिनिटं चालते. अशा वेळी हा अवधी फार मोलाचा, कारण पट्टी, लय आणि पुढच्या काही चाली त्यातच कानावर पडतात. पण पियानोची पहिली चाल प्रस्तावनेत येतच नाही. ती नवी असते आणि सुरुवातीला पियानो एकटाच असतो. तो पहिला सूर स्वतःच्याच आठवणीतून काढावा लागतो.

'कधी बसवलीच नव्हती': सगळ्यात मोठी थाप ही. हा कॉन्चेर्टो तुम्ही गेल्याच हंगामात वाजवला आहे, याची आठवण शायी त्याच व्हिडिओत करून देतात. पिरेश यांच्या कारकिर्दीत मोझार्ट नेहमीच केंद्रस्थानी राहिला. अशी रचना डोक्यात एकाच जागी साठवलेली नसते: बोटांची सवय, कानातली चाल, हार्मनीचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा, क्रम आणि कुठला भाग कुठे सुरू होतो याच्या खुणा असे चार थर असतात. नुसत्या बोटांवर विसंबणारा दडपणाखाली पहिला घसरतो. याच पहिल्या भागात एक जागा आहे. आधी एफ मेजरमध्ये येणारी एक चाल शेवटाकडे डी मायनरमध्ये परतते. सवयीने बोटं जुन्या वाटेला लागली की वादक एका पट्टीत आणि ऑर्केस्ट्रा दुसऱ्या. यावर उपाय नीरसच आहेत: मधल्या कुठल्याही बारपासून सुरुवात करता येणं, डावा हात एकटा पाठ असणं, पियानोपासून दूर बसून अख्खी रचना मनात चालवणं. ख्यालासारखी जागेवर बढत करून वेळ मारून नेण्याची सोय इथे नाही. कॅडेन्झा, म्हणजे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि वादक एकटा वाजवतो ती जागा, सोडली तर सूर न् सूर लिहिलेला.

'एकही चूक न करता पूर्ण': फिरणारी क्लिप पियानो सुरू झाल्यावर थोड्याच वेळात संपते, आणि कॉन्चेर्टो साधारण अर्ध्या तासाचा. पहिल्या भागाच्या शेवटची कॅडेन्झा त्या क्लिपमध्ये येतच नाही. मोझार्टने या कॉन्चेर्टोसाठी स्वतः लिहिलेली कॅडेन्झा उपलब्ध नाही. बरेच वादक बेथोव्हेनची वाजवतात, आणि तीही पाठच असावी लागते. तेव्हा 'एकही चूक नाही' हा निकाल या क्लिपवरून देणारा माणूस न ऐकलेल्या संगीताबद्दल बोलतो आहे.

उलट तयारीविना वाजवल्याचं लेखी उदाहरण याच कॉन्चेर्टोचं आहे. ११ फेब्रुवारी १७८५ ला व्हिएन्नात तो पहिल्यांदा वाजला, तेव्हा नक्कलनवीस अजून सुरावटी उतरवत होता आणि रोंडो हा शेवटचा भाग एकदाही वाजवून बघायला मोझार्टला सवड मिळाली नव्हती, असं त्याच्या वडिलांनी मुलीला पत्रातून कळवलं. तिथे वाजवणारा रचनेचा कर्ताच होता.