‘ग्रुपबरोबर इटली म्हणजे पैसे पाण्यात’? मेसेज पुढे ढकलण्याआधी

उन्हाळी सहलींचं बुकिंग सुरू झालं की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. थोडक्यात मजकूर असा: रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस ही जुनी शहरं ग्रुप टूरने बघण्यात अर्थ नाही, घाईत काहीच दिसत नाही. सगळी शहरं सारखीच, आणि बाहेर दिसतं त्यातलं निम्मं डुप्लिकेट. पावलोपावली तिकीट, वर सिटी टॅक्सच्या नावाने लूट. आपलं असं तिथे काही नाही. तेव्हा परतीच्या आधीचा दिवस तरी मॉलमध्ये घालवा. शेवटी नेहमीप्रमाणे ‘जनहितार्थ’.

एकेक मुद्दा बघू.

‘ग्रुपमध्ये काहीच बघून होत नाही.’ घाई होते, हे खरंय. पिसा आणि फ्लोरेन्स एका दिवसात उरकणारी आयटिनररी मलाही पटत नाही. पण फ्लोरेन्सचं जुनं गाव मुळात चालण्याच्या मापाचं आहे. मोठ्या बस आत जात नाहीत, त्यामुळे सगळ्यांना पायीच फिरावं लागतं. कॅथेड्रलपासून सिन्योरिया चौक आणि तिथून जुना पूल, म्हणजे पोन्ते वेक्किओ, रमतगमत गेलात तरी पंधरा मिनिटांचं अंतर. अर्धा दिवस आणि बरा गाईड मिळाला तर बरंच पदरात पडतं. फ्लोरेन्सच्या उफिझी चित्रसंग्रहालयाला किंवा रोमच्या कोलोसियमला ठरावीक वेळेचं तिकीट लागतं. ग्रुपमध्ये ते आधीच काढलेलं असतं. एकट्याने ऐनवेळी गेलात की ‘आजचं संपलं’ ऐकून परत फिरायचं. एक प्रश्न मात्र बुकिंगच्या आधी जरूर विचारा: फ्लोरेन्सचा दिवस सोमवारी तर येत नाही ना? उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. आणि ‘चाळिसांच्या घोळक्यात शेवटी उभं राहायचं’ ही तक्रार व्हेनिसपुरती तरी जुनी झाली. १ ऑगस्ट २०२४पासून तिथे पंचवीसपेक्षा मोठे ग्रुप आणि लाऊडस्पीकर, दोन्हींवर बंदी आहे.

‘सगळी शहरं सारखीच.’ व्हेनिसच्या जुन्या बेटांवर कचऱ्याची गाडी नाही, ॲम्ब्युलन्सही नाही. दोन्ही कामं बोटी करतात. मेसेज लिहिणाऱ्याने हे रोममध्ये कुठे पाहिलं, देव जाणे.

आता डुप्लिकेटचा मुद्दा. हा सगळ्यात जास्त पटतो, कारण अर्धा खरा आहे. सिन्योरिया चौकातला डेव्हिड ही नक्कल आहे. मिकेलअँजेलोचा मूळ पुतळा १५०४पासून तिथेच उघड्यावर ऊनपाऊस खात उभा होता. १८७३मध्ये तो अकादेमियात हलवला आणि १९१०मध्ये रिकाम्या जागी नक्कल उभी केली. कॅथेड्रलसमोरच्या बाप्टिस्टरीची, म्हणजे बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीची, शिल्पकार घिबेर्तीने घडवलेली सोनेरी दारंही आता नक्कलच. ४ नोव्हेंबर १९६६ला आर्नो नदीचा पूर गावात घुसला, तेव्हा या दारांच्या दहा चौकटींपैकी पाच उखडल्या गेल्या. तरी मूळ दारं पुढे बरीच वर्षं बाहेरच होती, १९९०मध्ये ती काढून तिथे नक्कल बसवली. ती कॅथेड्रलच्या मागच्या संग्रहालयात आहेत, चौकातून पाच मिनिटांवर. व्हेनिसला सान मार्को चर्चवरचे चार घोडेही तसेच: वर नक्कल, आत मूळ. तेही व्हेनिसचे नव्हेतच, १२०४मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटून आणलेले. पुढे १७९७मध्ये नेपोलियनने ते पॅरिसला नेले आणि १८१५मध्ये परत आले. गाईड हे सांगत असताना सेल्फीच्या रांगेत असाल, तर डुप्लिकेटच बघून घरी याल यात नवल नाही.

पोन्ते वेक्किओवर उभं राहून शेजारचा सांता त्रिनिता पूल बघा. ऑगस्ट १९४४मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने फ्लोरेन्सचे पूल उडवले, एक पोन्ते वेक्किओ तेवढा वाचला. युद्धानंतर सांता त्रिनिताचे दगड नदीतून उपसून काढले आणि १९५८मध्ये पूल होता तसा पुन्हा उभा केला. त्याच्या टोकाशी चार ऋतूंचे पुतळे आहेत. त्यातल्या वसंताचं मुंडकं मात्र सापडत नव्हतं. ते १९६१मध्ये नदीच्या तळाशी मिळालं आणि धडावर बसवलं. याला डुप्लिकेट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

पैशांबाबत मेसेज थोडा बरोबर आहे. सिटी टॅक्स माणशी आणि रात्रीच्या हिशोबाने लागतो. पण ती लूट नव्हे. हॉटेल तो घेतं आणि नगरपालिकेला भरतं. पॅकेजमध्ये धरलाय की तिथे रोख द्यायचाय, एवढं विचारून ठेवा. व्हेनिसची प्रवेश फी ठरावीक दिवशी आणि फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना लागते. मुक्काम बेटांबाहेर, जमिनीवरच्या मेस्त्रेला असेल तरी तो व्हेनिस नगरपालिकेतच मोडतो, तेव्हा फी माफ. नोंदणी मात्र करावी लागते. रोमच्या प्राचीन पँथिऑन मंदिराला २०२३पासून तिकीट लागतं, तेव्हा ते पाच युरो होतं. पण व्हॅटिकनचं सेंट पीटर्स चर्च फुकट, आणि आत शिरताच उजव्या हाताला मिकेलअँजेलोची पिएता, म्हणजे मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीचं शिल्प. पँथिऑनजवळच्या सान लुइजी चर्चमध्ये काराव्हाज्यो या जुन्या नामवंत चित्रकाराची तीन चित्रं आहेत, तीही फुकट. रोममध्ये ठिकठिकाणी लोखंडी नळ चोवीस तास वाहतात, पाणी पिण्याचं आणि थंडगार. तरी आपली मंडळी दोन युरो मोजून बाटली घेतात आणि मग महागाईवर मेसेज लिहितात.

‘आपलं तिथे काही नाही’ हे वाचून मात्र कोल्हापूरकरांनी तरी हात जोडावेत. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७०मध्ये इंग्लंडला गेले होते. परतताना युरोपातली शहरं बघत ते फ्लोरेन्सला पोचले. तेव्हा इटलीची राजधानी रोम नव्हती, फ्लोरेन्स होती. तिथेच ३० नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं, वय अवघं वीस. त्या काळी तिथे दहनाला मुभा नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर रात्री अग्नी दिला. १८७४मध्ये त्या जागी छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसवला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, म्हणजे पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी आखला तेच. पुतळ्याला रंग दिलेले आहेत. इटलीतल्या पांढऱ्या संगमरवरी गर्दीतून आलेल्या डोळ्यांना ते आधी विचित्रच वाटतं. शेजारून जाणाऱ्या नव्या पुलाचं नावही ‘हिंदी माणसाचा पूल’ अशा अर्थाचं आहे. बहुतेक आयटिनररीत हे ठिकाण नसतं, आणि इथे मी टूरवाल्यांच्या नाही, मेसेजवाल्यांच्या बाजूने आहे. कास्चिने उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला असल्यामुळे बस तिकडे वळत नाही. मोकळा वेळ मिळाला तर चारजणांत टॅक्सी करा.

राहिला मॉलचा सल्ला. खरेदीला माझा विरोध नाही, आणि परदेशी पाहुण्याला एका दुकानात सत्तर युरोंपेक्षा जास्त खरेदीवर कराचा काही भाग परत मिळतो, हे खरं आहे. पण मॉल शहराबाहेर असतो आणि जाण्यायेण्यातच दिवसाचा मोठा तुकडा जातो. रोममधून परतीचं विमान रात्रीचं असेल, तर सकाळी सान लुइजी, मग पँथिऑन, तिथून चालत नवोना चौक, आणि वाटेतल्या दुकानात चीज आणि पास्ता. कर परत घ्यायचा असेल तर दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म मागा. विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी कस्टम्सकडून तो मंजूर करून घ्या, कारण कधी कधी ते वस्तूही दाखवायला सांगतात.