मारबतीचे नऊ तुकडे

आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडा पीडा घालवायला मारबतीच्या मोठ्ठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून निघते अन् पिवळी १८८५ पासून, पण एवढ्या वर्षांत तिचा फोटो नऊ तुकड्यांत कापायची आयडिया कोणाला सुचली नव्हती, ती आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना सुचली अन् काम आलं माझ्या गळ्यात. झालं असं की कोण्या दुसऱ्या मंडळाच्या इन्स्टाग्राम प्रोफाईलवर त्यांना नऊ पोस्ट मिळून एकच मोठ्ठा गणपती पसरलेला दिसला. "आपली पिवळी मारबत अशीच पाहिजे बे, प्रोफाईल उघडलं की डायरेक्ट अंगावर आली पाहिजे." मी म्हटलं हो भाऊ, होऊन जाते. (आमच्याकडे अध्यक्षांना नाही म्हणायची पद्धत नाही, आधी हो म्हणायचं अन् मग फोन उचलायचा नाही, पण ते घरासमोरच राहतात.)

तुकडे करायचं ॲप फुकट मिळते, फक्त प्रत्येक तुकडा सेव्ह करायच्या आधी रमीची जाहिरात पाहा. ते बी ठीक. खरी गंमत पुढे आहे, इन्स्टाग्रामवर नवी पोस्ट वरच्या डाव्या कोपऱ्यात बसते अन् जुन्या पुढे सरकतात, म्हणून सगळं उलटं टाकायचं, सुरुवात खालच्या उजव्या तुकड्यापासून. त्यामुळे आमची पहिली पोस्ट काय, तर लुगड्याचा काठ अन् गर्दीतल्या कोण्या पोराची अर्धी चप्पल. दुसरी, नुसता पिवळा रंग. मग आणखी पिवळा रंग. मग कोपर. खाली एकाने विचारलं, "भाऊ पेंटचं दुकान टाकलं काय?" वर्ध्याच्या मावशीचा फोन आला, अकाउंट हॅक तर नाही झालं ना रे, अन् फोन ठेवून तिने कोपराखाली लिहिलं, "खूप छान बाळा."

माझं म्हणणं एवढंच आहे की हा सगळा थाट प्रोफाईल उघडून पाहणाऱ्यासाठी असतो, अन् आमचं प्रोफाईल उघडून पाहणारा माणूस पृथ्वीवर एकच, अध्यक्ष. बाकी लोक बर्डीवर सिग्नलला थांबल्या थांबल्या, तर्री पोहे खाता खाता, एक एक तुकडा अंगठ्याने वर ढकलतात, त्यांना मारबत दिसतच नाही, तिचं कोपर दिसते.

बरं, अध्यक्षांना तरी दिसावी! जानेवारी २०२५ पासून प्रोफाईलवरचे डबे चौकोनी राहिले नाहीत, उभे झाले, तीनास चार. ॲप मात्र अजून चौकोनच कापून राहिलं. मग १०८० पिक्सेल रुंद तुकड्यातले मधले ८१०च दिसतात, दोन्ही बाजूंनी १३५-१३५ गुल, म्हणजे शेजारच्या दोन तुकड्यांमधले २७० पिक्सेल गेले. मारबतीचे डोळे नेमके तिथेच.

"हिचे डोळे कुठी गेले बे?"

"कापल्या गेले भाऊ."

सगळं डिलीट. ३२४० बाय ४३२० चा उभा फोटो बनवला, दुसरं ॲप, पुन्हा रमी, पुन्हा चप्पल, पुन्हा मावशीचं खूप छान. पण आली बाप्पा एकदाची, डोळ्यांसकट, नऊच्या नऊ डब्यांत. मिरवणुकीत "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडतात त्यात पुढच्या वर्षी ह्या नऊ डब्यांच्या ग्रिडचं बी नाव घ्या अशी माझी नम्र सूचना आहे.

संध्याकाळी पासवर्ड माहीत असलेल्या भाच्याने सांबारवड्याचा फोटो टाकला. झालं, सगळे डबे एक घर सरकले, चेहरा उजव्या टोकाला गेला अन् उजवीकडचा खांदा डावीकडे, एक मजला खाली. वडा उडवला, भाच्याला झापलं, पासवर्ड बदलला.

तेवढ्यात अध्यक्ष आले. उद्या त्यांचा वाढदिवस, तर एक फोटो मंडळाकडून शुभेच्छा म्हणून टाकून दे म्हणे.

"भाऊ, आता एक नाही टाकता येत, टाकायचे तर तीन, नाहीतर मारबत सरकते."

"तीन?" थोडा विचार केला त्यांनी. "थांब मग, आणखी दोन कुर्ते घेऊन येतो."