एका रेकवर एवढा राग कशाला?

'डेक्कन ओडिसी' या आपल्या आलिशान पर्यटन गाडीचा फोटो घरच्या ग्रुपवर मीच टाकला. करोनात बंद पडलेली गाडी २०२३ मध्ये पुन्हा धावू लागली, त्याचा आनंद होता. त्यावर मावसभावाने लिहिलं, "जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नाही आणि लाखांचं तिकीट लावून राजवाडे कसले फिरवता? बंद करा ती गाडी." मी दोन ओळी लिहून विरोध केला, तर म्हणाला, "दादा, तुला तिकडे बसून बोलायला काय जातं!" आठवडा झाला, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मी कर्जतचा. घाट चढायला गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लागतात, ते बघत वाढलो. रेल्वेच्या वेड्याला आलिशान गाडीतल्या गालिच्यांशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला हव्या असतात सलग तीन-चार रात्री एकाच डब्यात. मध्यरात्री लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, गाडी उभी राहते, समोरून मालगाडीचं क्रॉसिंग होतं, आणि घाई कुणालाच नसते. चालत्या गाडीत जेवण रांधून टेबलावर आणणं ही तर जुनी रेल्वेविद्याच आहे. डेक्कन क्वीनची डायनिंग कार आपण इतक्या प्रेमाने जपली. मग तीच विद्या जपणाऱ्या एका रेकवर, डब्यांच्या एका माळेवर, एवढा राग कशाला?

इथे ऑस्ट्रेलियात, ॲडलेडमध्ये रविवारी दुपारी मी सॉल्सबरीच्या फाटकाशी जाऊन उभा राहतो. 'घॅन' जाते, ॲडलेडहून उत्तरेला डार्विनपर्यंत धावणारी आलिशान गाडी. पुढे एनआर क्लासची इंजिनं, मागे पाऊण किलोमीटर स्टीलचे डबे. डार्विन २,९७९ किलोमीटर. १९२९ पासून ही गाडी ॲलिस स्प्रिंग्जपर्यंतच जायची, तीही अरुंद रुळांवरून. १९८० मध्ये नवी स्टँडर्ड गेज लाइन झाली, आणि डार्विन गाठलं २००४ मध्ये. आपली ओडिसीही त्याच वर्षी सुरू झाली. घॅन हे नाव अफगाण उंटवाल्यांवरून आलं. अफगाण म्हणायचे सगळ्यांनाच, पण त्यांच्यातले कितीतरी बलुचिस्तान-पंजाबातून आले होते. परक्या देशातून आलेल्या माणसांचं नाव आणि उंट मिरवणारी गाडी इथले लोक अभिमानाने दाखवतात. बंद करा, असं मला अजून कुणी म्हणालेलं नाही.

हे सगळं मी भावाला लिहिलं. एक गोष्ट मात्र लिहिली नाही.

२०१५ मध्ये, इथे नवा असताना, मी 'इंडियन पॅसिफिक' या सिडनी-पर्थ गाडीने पर्थला गेलो होतो. रेड सर्व्हिस, म्हणजे बसायची सीट. दोन रात्री बसून काढल्या. नलारबोरच्या ओसाड मैदानावर ४७८ किलोमीटर रूळ एकदाही वळत नाही. जगात एवढा सरळ रेल्वेमार्ग दुसरा नाही. शेजारी पेन्शनर आजी होत्या, लेकीकडे निघालेल्या. त्यांनी मला त्यांचं ब्लँकेट दिलं. या देशात आपलं कुणी असू शकतं, असं मला पहिल्यांदा त्या डब्यात वाटलं.

पुढच्याच वर्षी इथल्या केंद्र सरकारची मदत थांबली आणि जुलै २०१६ पासून घॅन आणि इंडियन पॅसिफिक, दोन्हींवरच्या त्या सीट्स गेल्या. सिडनी ते पर्थ ४,३५२ किलोमीटर. आता त्या गाडीत स्वस्तातली जागा नाही. त्या आजी आज कशाने जात असतील? मी तेव्हा कुणाला एक पत्रसुद्धा लिहिलं नाही. पाहुण्याने घरच्यांच्या भांडणात पडू नये, असं वाटलं. ओ-बानने, म्हणजे इथल्या खास मार्गावरच्या बसने, कामावर जात राहिलो.

म्हणून माझं भावाशी भांडण आहे. ओडिसी बंद करून जनरलच्या माणसाला जागा मिळणार नाही. त्याची जागा जाते ती त्याच्याच गाडीतून. स्लीपरचे डबे काढून थर्ड एसीचे लावले जातात तेव्हा जाते. तिथे भांडा. इथे नुसती महागडी गाडी उरली आणि तिच्यावर जीव असलेला माझ्यासारखा माणूस फाटकाशी उरला.

काल रात्री भावाचा आवाजी निरोप आला. कर्जतच्या फलाटावरून बोलत होता, बराच वेळ. मागून बँकरचा हॉर्न ऐकू येत होता. मी तो निरोप तीनदा ऐकला. तो काय म्हणत होता, ते तिसऱ्यांदा कुठे कानात शिरलं.