हो, मी त्याच करोडपतींच्या गावची

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सकाळी आबांची, माझ्या वडिलांची, घागर भरली, वर डांगर (खरबूज) ठेवलं, आंबे ठेवले. मायच्या हातच्या खापरावरच्या पुरणपोळ्या आणि रस. उन्हाने अंगण नुसतं भाजून निघालेलं, पोरं पंख्याखाली लोळलेली. इतपर्यंत सगळं छान होतं. मग भाच्याने मोबाईल पुढे केला. "आत्या, हे बघ, आपलं अमळनेर व्हायरल झालंय."

पुन्हा तेच. दरवर्षी कुणीतरी नवीन पोरगा कॅमेऱ्यासमोर हात हलवत येतो आणि सांगतो की भारतात असं एक छोटं गाव आहे जिथला प्रत्येक माणूस करोडपती आहे, कारण विप्रोचे शेअर. मागे ढणढण म्युझिक. लाखो व्ह्यूज. प्रत्येक माणूस! या गावात एकदा या तरी बाबांनो. या उन्हात आठवडे बाजाराच्या दिवशी भाजीच्या हातगाड्या ढकलणाऱ्यांना विचारा, दादा, तुमचे शेअर कुठल्या डीमॅटला आहेत?

मी गप्प बसले असते. पण शेजारचे काका पत्त्याच्या डावातून उठून पाणी प्यायला आले होते, त्यांनी रील बघितलं आणि ते वाक्य बोलले जे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. "तुना आबानी तवय दहा शेअर लिधा व्हतात ना, तं आज तू बंगलामा राहता."

आणि फुई, माझी आत्या, तिथेच बसली होती. आंबे पिळत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आबा प्रताप मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. सत्तरच्या दशकात कधीतरी दिवाळीचा बोनस हातात होता आणि ओळखीतल्या एकाकडे तेलाच्या कंपनीचे थोडे शेअर विकायला होते. तेव्हा विप्रो वगैरे कुणी म्हणत नव्हतं, आमच्याकडे ती डालड्याची फॅक्टरी. आबांनी घेतले नाहीत. बास, एवढीच गोष्ट. पण ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक लग्नात, प्रत्येक दहाव्याला, प्रत्येक आखाजीला कुणीतरी उकरून काढतंच. जसं काही आबा आयुष्यभर बाकी काही करतच नव्हते.

मी खोटं बोलणार नाही. शेअरची गोष्ट खरी आहे. महंमद हुसेन हाशम प्रेमजींनी २९ डिसेंबर १९४५ ला इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स काढली, सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि ७८७ साबण बनवला. १९६६ ला ते गेले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून कारभार बघायला आले. ज्यांनी शेअर घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या विकले नाहीत, त्यांचं सोनं झालं. त्यातल्या काहींनी गावासाठीही केलं, ठीक आहे, मान्य. माझं त्यांच्याशी भांडण नाही.

माझं भांडण या गोष्टीशी आहे की गावाची एवढी एकच गोष्ट उरली. नशीब उघडलं त्यांची. जे हजारो लोक तीन पाळ्यांत भोंग्यावर उठले, भोंग्यावर जेवले, ज्यांच्या पगारावर इथले किराणावाले, शिंपी, सायकल दुकानदार जगले, त्यांच्यावर रील नाही. कारण पगारात काय थ्रिल आहे? महिन्याच्या महिन्याला येतो, महिन्याच्या महिन्याला संपतो. व्ह्यूज कसे मिळणार?

प्रताप शेठजींनी इथे गिरणी काढली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याच माणसाने १९१६ ला या धुळीच्या गावात तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. पुढे १९४५ ला प्रताप कॉलेज. साने गुरुजी १९२४ ते १९३० इथल्या शाळेत शिकवत होते, वसतिगृहात पोरांची अंथरुणं घालत होते, आणि पुढे हेच गुरुजी गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. १९५२ ला इथे साहित्य संमेलन झालं. २०२४ ला पुन्हा झालं, सत्त्याण्णवावं. तेव्हा किती पाहुणे मला विचारत होते, एवढ्याशा गावात एवढं सगळं कसं काय हो? कसं काय म्हणजे? इथे कापूस होता, कापसावर गिरणी होती, गिरणीत माणसं होती. तत्त्वज्ञान काय हवेतून पडलं?

जळगावची खान्देश मिल, धुळ्याची न्यू प्रताप, चाळीसगावची गिरणी, आमची मिल. एकेक करून सगळ्यांचे भोंगे थांबले. जळगावला मिलच्या जागेवर मॉल झाला, खान्देश सेंट्रल. नाव तेवढं ठेवलं, उपकारच म्हणायचे. यंत्रं जुनी झाली होती, पॉवरलूमचं कापड स्वस्त पडत होतं, हे मला कुणी समजावून सांगू नका. माहीत आहे. साच्यांचा आवाज कानात घेऊन आबा घरी यायचे आणि आमच्याशी ओरडून बोलायचे, मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पण हे बघा. कापूस अजून इथेच पिकतो. शेतकरी अजून इथेच रडतो. आणि कापड विणायला इथली पोरं जातात कुठे? सुरतला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तापी व्हॅलीची रेल्वे टाकली ती इथला कापूस न्यायला. आता त्याच रुळांवरून माणसं जातात. उधना, लिंबायत इथे अर्धा खान्देश वसलाय, अहिराणी बोलायची असेल तर अमळनेरपेक्षा तिकडे जास्त ऐकू येईल. माझा भाऊ तिकडेच. आखाजीला दोन दिवसांची सुट्टी मागून आलाय, मालक फोनवर फोन करतोय.

तर फुई.

आबांची धाकटी बहीण. तिच्या सासरी काय चाललं होतं ते इथे लिहिणार नाही, ती अजून आहे आणि तिची नातवंडं फेसबुकवर आहेत. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आबा तिला आणायला गेले. सणाला माहेरी न्यायला येतो तसा मुऱ्हाळी म्हणून नाही, कायमची आणायला. दोन लेकरं, एक पत्र्याची पेटी. तिकडच्यांनी तिचे डाग, म्हणजे दागिने, ठेवून घेतले होते आणि वर कुठल्या तरी उसनवारीचा हिशेब काढला. आबांनी बोनस तिथे मोजला आणि बहिणीला एसटीत बसवलं. उरलेल्या पैशांत मागच्या बाजूला एक खोली वाढवली, वर पत्रे टाकले. फुई मग वर्षानुवर्षं जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या कामाला गेली, नाकातोंडात रुई. दोन्ही लेकरं शिकली.

हे शेजारच्या काकांना माहीत आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे. तरी तिच्यासमोर बोलतात, दहा शेअर लिधा व्हतात तं.

मी काहीतरी तोडून बोलणार होते. फुईने मान पण वर केली नाही. म्हणाली, "रस आंबट शे का रे भो? साखर टाकू?" काका म्हणाले, टाक. आणि रस पिऊन पुन्हा पत्ते खेळायला गेले. आता लिहिताना मला हसू येतंय, तेव्हा डोकं फिरलं होतं. काका वाईट नाहीत. ते स्वतः गिरणीत होते, त्यांनीही शेअर घेतले नव्हते. आबांच्या नावाने ते स्वतःलाच बोल लावत असतील, कुणास ठाऊक.

मला कुणी म्हणेल, एवढं प्रेम आहे तर तू का गेलीस चिंचवडला? गेले. लग्न होऊन गेले, आणि नसतं लग्न झालं तरी गेले असते. लग्नाच्या सुमारास ऐकलं होतं की पाडळसऱ्याला तापीवर धरण होणार, पाणी येणार, पाण्यामागे उद्योग येतील. ते अजून ऐकतेच आहे. मंगळग्रह मंदिरामुळे मंगळवारी गर्दी होते, फुलवाल्यांना, रिक्षावाल्यांना चार पैसे मिळतात, चांगलं आहे. आठवड्याभरात सखाराम महाराजांचा रथ निघेल, बोरीच्या पात्रात यात्रा भरेल, सगळं गाव जिवंत वाटेल. पण यात्रेत पाळण्यात बसून कुणाचा संसार उभा राहत नाही. सहा वाजता जायचं, दोनला सुटायचं आणि सात तारखेला हातात पैसे, असं काहीतरी लागतं.

आणि कृपा करून कमेंटमध्ये "तेव्हाचे शंभर रुपये आज किती झाले असते" याचा हिशेब मांडू नका. उडवून टाकेन. आबांनी ते पैसे कुठे लावले ते वर लिहिलंय.

बरं, एक काम. तो रील दाखवणारा भाचा. मेकॅनिकल डिप्लोमा, फर्स्ट क्लास, बाप सुरतला येऊ नको म्हणतो आणि गावात काही नाही. परवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मी त्याला बरोबर घेऊन येतेय. चाकण, भोसरी, तळेगाव कुठेही ट्रेनीची जागा असेल तर इनबॉक्स करा. रात्रपाळी चालेल. राहायची सोय आमच्याकडे आहे.