सोनेरी कार्डांचा सुळसुळाट

पुन्हा तेच! लेक शाळेतून आली ती पोकेमॉन कार्डांचं चकचकीत सोनेरी पाकीट नाचवत. शाळेसमोरच्या दुकानात ही पाकिटं माळेने लटकलेली असतात, आणि झाडून सगळी नकली. पुसट छपाई, नावात स्पेलिंगच्या चुका, आणि एचपी, म्हणजे पोकेमॉन किती मार सोसेल तो आकडा, थेट हजारांत! १९९९ च्या मूळ इंग्रजी संचात चारिझार्डसारख्या तगड्या पोकेमॉनचा एचपी १२० होता, १२०!

नकली आहेत याचा राग आहेच, पण खरा संताप वेगळा आहे. या कार्डांनी खेळताच येत नाही. खऱ्या खेळाला ६० कार्डांचा डेक लागतो. आधी छोटा चारमँडर मांडायचा, मग तो वाढून त्याचा चारमेलियन, मग कुठे चारिझार्ड. हल्ला करायला एनर्जी कार्ड लागतं; एका पाळीत हातातलं एकच लावायचं, ते कोणाला लावायचं यावर डोकं खाजवायचं. सगळी गंमत त्यातच तर आहे! या पाकिटांत चारमँडर नाही, एनर्जी तर औषधालाही नाही. मग पोरं काय करतात? कार्डं समोरासमोर धरतात. ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. खलास!

पोकेमॉनच्या कार्टूनमध्ये एवढासा पिकाचू त्या अवाढव्य दगडी ओनिक्सला भिडायचा, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर जीव मुठीत धरून बसायचो. ते मला लेकीला द्यायचंय. आणि तिला शिकवलं जातंय की मोठा आकडा आला की झालं.

दुकानदार म्हणतात, "ताई, मुलांना हेच लागतं."

अहो, दुसरं काही ठेवलंत का कधी?