अख्खं जग सहा मिनिटं काळोखात जाणार नाहीये, आणि आत्याचं तिकीट रद्द होणार नाहीये

परवा रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज आला. थोरल्या काकांनी टाकला, त्यांना आणखी कुणीतरी पाठवलेला, आणि सकाळी उठून बघते तर खाली अकरा जणांचे हात जोडलेले आणि आत्याचा व्हॉइस मेसेज, की सगळीकडेच अंधार होणार असेल तर या गुडघ्यांनी मी एवढ्या लांब कशाला येऊ, माझं तिकीट राहू दे, मी गच्चीतूनच बघेन.

माझं डोकंच फिरलं. गेले आठ महिने मी आणि माझी चुलत बहीण तेवीस जणांच्या सुट्ट्या जुळवतोय. सगळे शेवटचे एका छताखाली होतो ते आजी गेली तेव्हा, आणि त्याच रात्री ठरलेलं की पुढची भेट एखाद्या चांगल्या निमित्ताने घडवायची. ते निमित्त म्हणजे २ ऑगस्ट २०२७ चं खग्रास सूर्यग्रहण, इजिप्तमध्ये लक्सरला.

मेसेज थोडक्यात असा. २ ऑगस्ट २०२७ ला अख्खं जग सहा मिनिटं काळोखात बुडणार, शंभर वर्षांत पुन्हा असं होणार नाही, एक्स-रेची फिल्म किंवा दोन गॉगल एकावर एक लावून घरबसल्या बघा, मात्र त्या सहा मिनिटांत घातक किरण सगळ्यात जास्त असतात म्हणून तेव्हा मुलांना आणि गरोदर बायकांना आत ठेवा. शेवटी ‘नासाने जाहीर केले’.

आधी हे ‘अख्खं जग’. अहो, अर्ध्या जगात तेव्हा रात्रच असणार आहे! ग्रहणाचा मध्य जागतिक वेळेनुसार १० वाजून ७ मिनिटांनी आहे, म्हणजे कॅलिफोर्नियात पहाटेचे तीन. उरलेल्या अर्ध्यातसुद्धा चंद्राची गडद सावली एका अरुंद पट्ट्यावरून सरकत जाते. चंद्र सूर्यापेक्षा साधारण चारशे पट लहान आणि चारशे पट जवळ, म्हणून तो सूर्याला जेमतेम झाकतो आणि त्याच्या सावलीचं टोक पृथ्वीला जेमतेम टेकतं. या ग्रहणात पट्ट्याची रुंदी जास्तीत जास्त २५८ किलोमीटरच्या आसपास. दक्षिण स्पेन, जिब्राल्टर, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन, सोमालिया असा तो जातो. लक्सर पट्ट्यात आहे पण त्याच देशाची राजधानी कैरो पट्ट्याबाहेर आहे, तिथे खंडग्रासच दिसणार. पट्ट्यातसुद्धा सगळीकडे सहा मिनिटं नाहीत. लक्सरजवळ जास्तीत जास्त ६ मिनिटं २३ सेकंद, आणि अगदी काठावर उभे राहिलात तर काही सेकंद. म्हणूनच तर जायचंय ना.

आणि नासाने जे जाहीर केलंय ते सगळ्यांसाठी उघडं आहे, जाऊन बघा. फ्रेड एस्पेनाक आणि जाँ मिउस या खगोलशास्त्रज्ञांनी इसवी सनपूर्व २००० पासून इसवी सन ३००० पर्यंतच्या सूर्यग्रहणांची यादी करून ठेवलीय, एकूण ११,८९८ ग्रहणं, प्रत्येकाची तारीख, वेळ, पट्टा. मी अर्धी रात्र त्यात घालवली. हाच मेसेज २०२५ मध्येही २ ऑगस्ट याच तारखेने फिरला होता, आठवतंय? त्या यादीत २०२५ ची सूर्यग्रहणं दोनच, २९ मार्च आणि २१ सप्टेंबर, दोन्ही खंडग्रास. २ ऑगस्टला काहीच नव्हतं, तेव्हा झालाही नाही अंधार. नुसतं वर्ष बदलून तीच खोटी गोष्ट पुन्हा आली आणि आपण पुन्हा हात जोडले.

शंभर वर्षांचं म्हणणं तेवढं अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. यापेक्षा लांब खग्रास ग्रहण आता थेट ३ जून २११४ ला आहे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी हेच शेवटचं एवढं लांब. एवढं लांब का, तर तेव्हा चंद्र पृथ्वीच्या जवळ आलेला असतो, जुलै-ऑगस्टात सूर्य किंचित लांब असतो, आणि विषुववृत्ताच्या बाजूला पृथ्वीचा पृष्ठभागही सावलीच्याच दिशेने जोरात फिरत असतो म्हणून सावली जास्त वेळ अंगावर राहते. पण खग्रास ग्रहण म्हणून बघाल तर जगात कुठे ना कुठे सरासरी दीड वर्षाला एक होतंच. या ग्रहणाच्या पुढचंच २२ जुलै २०२८ ला, सिडनीवरून जाणारं. दुर्मिळ आहे ते आपल्या पायाखालच्या एका ठिकाणी, तिथे सरासरी पावणेचारशे वर्षांनी एकदा.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. एक्स-रेची फिल्म.

काल दादाने ग्रुपवर फोटो टाकला. त्याला रजा नाही म्हणून तो येणार नाहीये, तर म्हणाला घरात जुना छातीचा एक्स-रे आहे, दोन्ही पोरांना त्यातून दाखवतो. एक सात वर्षांची, एक दहाचा. मला तो फोटो बघून पोटात गोळा आला. एक्स-रेमध्ये जिथे हाड असतं तिथे फिल्म जवळजवळ पारदर्शक असते, आणि फासळ्या तर सगळ्या फिल्मभर आहेत. पोर हात हलवणारच, सूर्य कधी काळ्या भागाआड असेल कधी फासळीआड. हो, एके काळी पूर्ण काळी पडलेली, चांदी असलेली कृष्णधवल फिल्म दुहेरी करून बघायला सांगायचे, तिथूनच हे आलंय, पण ती सलग काळी असायची, तिच्यावर कुणाची छाती नसायची. शिवाय फिल्ममधून सूर्य मंद दिसला म्हणजे तो सुरक्षित झाला असं नाही, डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण आत येतच राहतात.

गॉगलचा हिशोब तर घरी बसून करता येतो. ग्रहणाच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १२३१२-२, त्यात दृश्य प्रकाश ०.००३२ टक्क्यांहून जास्त आत यायला नको. चांगला गडद गॉगल पंधरा टक्के उजेड आत सोडतो असं धरा, दोन लावले तरी सव्वादोन टक्के. म्हणजे मर्यादेच्या सातशे पट!

आणि डोळा दुखत नाही हो, तेच भयंकर आहे. दृष्टिपटलाला वेदना कळतच नाही. पोरगं ‘काही होत नाहीये’ म्हणत बघत राहतं, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी समोर बघितलं की नेमकं मधोमध धूसर दिसतं, पुस्तकातली अक्षरं, माणसाचा चेहरा. काहींचं काही महिन्यांत बरंचसं सुधारतं, काहींचं कायम राहतं. यावर नेमका असा उपचार नाहीये.

याहून वाईट म्हणजे मेसेजचं पहिलं खोटं आणि हे दुसरं एकत्र आले की काय होतं ते बघा. ज्याला कुणी सांगितलंय की सहा मिनिटं काळोख होणारच, तो पट्ट्याच्या बाहेर उभा राहून त्या काळोखाची वाट बघत राहणार. तो कधीच येणार नाही. सूर्याची कोर बारीक होत जाईल, उजेड जरा उतरेल, त्याला वाटेल झालं आता, आणि तो नेमका तेव्हा नुसत्या डोळ्यांनी वर बघेल. दादा, तुझ्याकडे खंडग्रासच आहे. तुझ्याकडे चष्मा काढायचा क्षण एकही नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत नाही.

घातक किरणांचं पटकन सांगते. ग्रहणात सूर्यातून वेगळं काहीही निघत नाही, तोच रोजचा सूर्य, मध्ये चंद्र आला एवढंच. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला त्याने काहीही होत नाही, नासानेही हा गैरसमज म्हणूनच सांगितलाय. आणि पट्ट्यात, सूर्य पूर्ण झाकला गेला की तेवढाच वेळ उघड्या डोळ्यांनी बघणं सुरक्षित असतं. म्हणजे मेसेजने सगळं उलटं करून ठेवलंय, जेव्हा धोका आहे तेव्हा पोरांना बाहेर काढा आणि जेव्हा नाही तेव्हा आत न्या.

काकांनी नंतर लिहिलं की बरं, अंधार नसेल, पण नव्याण्णव टक्के आणि शंभर टक्के यात असा काय फरक. काका, २०१७ मध्ये मी नव्वद टक्क्यांच्या जागी होते, मलाही तसंच वाटलेलं. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण चार लाख पट तेजस्वी. त्याचा एक टक्का उरला तरी चार हजार पौर्णिमा. मग ८ एप्रिल २०२४ ला पट्ट्याच्या आत उभी राहिले. हवा गार झाली, पक्षी गप्प झाले, शेवटचा ठिपका हिऱ्याच्या अंगठीसारखा चमकला आणि गेला, आणि तिथे काळं वर्तुळ होतं ज्याच्याभोवती प्रभामंडल पांढऱ्या रेशमासारखं पसरलेलं, काठाला गुलाबी ज्वाळा, चारी दिशांना क्षितिजावर संध्याकाळ, बाजूला शुक्र. शेजारचा अनोळखी माणूस रडत होता, मीही. मला तेव्हा आजीची इतकी आठवण आली की फोन हातात असून मी फोटो काढला नाही. मला हे आत्याला दाखवायचंय, यावेळी सहा मिनिटं आहेत.

तर काका, तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा, आणि ज्यांना पुढे पाठवलात त्यांना चुकीचा होता म्हणून कळवा, एवढं कराच. आत्या, मी तिकीट रद्द केलेलं नाही. व्हीलचेअरचं बोलून ठेवलंय, खोली खालच्या मजल्यावर आहे. दादा, तो एक्स-रे कपाटात ठेवून दे. मानक तपासून घेतलेले चष्मे तुला पाठवतेय, चार, दोन पोरांचे आणि दोन तुमचे. पोरांच्या हातात देण्याआधी प्रत्येक चष्मा दिव्यासमोर धरून बघ, कुठे ओरखडा किंवा बारीकसं भोक दिसलं तर तो वापरू नकोस, मला सांग, मी दुसरा पाठवते.